चार भिंतींच्या चार पेट्या

१

जुन्या जमान्यात तिकडे विलायतेत आणि अमेरिकेत बायका आपल्या टोप्या, लेस, पत्रं असलं सगळं पुठ्ठ्याच्या लंबगोल पेट्यांत ठेवायच्या. पेटीला बाहेरून घरातल्या भिंतीला लावून उरलेला नक्षीचा कागद चिकटवायचा, आतून वर्तमानपत्राचं अस्तर लावायचं, झालं काम. आता असल्या पेट्या काचेमागे ठेवतात आणि लोक तिकीट काढून बघतात. आणि त्याच पद्धतीनं, एक टाकाही मशीनवर न घालता, त्या पेट्या बनवणारी एक बाई बर दुबईत मीना बाजारच्या मागच्या गल्लीत राहते. चौथा मजला, जेवणाचं टेबल हाच तिचा कारखाना. नाव बानू, गाव दाभोळ. तोंड फटकळ, पण हात असा की पेटीला शिवण कुठे आहे ते शोधत बसावं.

हे काम तिला शारजात एका स्कॉटिश मॅडमनं शिकवलं. अकरा वर्षं बानू तिच्या हाताखाली जुन्या वस्तू दुरुस्त करायची. मॅडम म्हातारी होऊन मायदेशी गेली, तेव्हा जाताना लाकडी साचे बानूला देऊन गेली. पुठ्ठा भिजवायचा, साच्याला गुंडाळायचा, टोकं एकमेकांवर घेऊन दाभणानं शिवायची. वाळला की कागद. खळ मात्र बानूची स्वतःची. मैदा शिजवताना ती मेथीची पूड घालते, म्हणजे कागदाला कीड लागत नाही. तिची आई कागद कुटून टोपल्या करायची, तिच्याकडून हे आलेलं. एक पेटी अडीचशे दिरहमला जाते, म्हणजे आपले जवळजवळ सहा हजार रुपये, असं मुलखात कळलं तेव्हा तिच्या भावजयीनं कपाळाला हात लावला होता. "पुठ्ठ्याच्या डब्याचे?"

मॅडमचा एकच नियम होता आणि बानूनं तो कधी मोडला नाही. एका पेटीला एकाच भिंतीचा कागद लावायचा. प्रत्येक भिंतीवर ऊन वेगळं पडतं, कागद वेगळा विटतो. दोन भिंती मिसळल्या की पेटी खोटी दिसते, असं मॅडम म्हणायची.

तर अशी ही बानू. आणि समोर चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा, खैरुद्दीन. एकतीस वर्षं जबल अलीच्या बंदरावर माल मोजून घेणारा सुपरवायझर. आवाज असा की वॉकीटॉकी बंद पडली तरी काम थांबायचं नाही, कंटेनरच्या पलीकडे हाक पोचायची. आठ महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे बोलणं गेलं, सांगायचं होतं ते काही गेलं नाही. रोज दुपारी, जेवण झालं की, खैरुद्दीन डाव्या हातानं बानूचं मनगट पकडायचा आणि काहीतरी सांगायला बघायचा. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. बानू विचारायची, पाणी हवंय? लेकीला बोलावू, फिझाला? मुलखात जायचंय? नमाजचं काही? तो मान हलवायचा, नाही, नाही. आणि मग हात सुटायचा. आठ महिने रोज तेच. काय सांगायचंय या माणसाला? बानूला बाकी काही नको होतं. त्याला चालता आलं नाही तरी चालेल, पण ते एक वाक्य तिला ऐकायचं होतं, त्याच्या आवाजात.

२

जानेवारीत हमदुल्लाचा फोन आला. हमदुल्ला म्हणजे त्यांच्या जुन्या बिल्डिंगचा पठाण वॉचमन. बानू लग्नानंतर पहिली नऊ वर्षं त्याच गल्लीत, त्याच बिल्डिंगमध्ये राहिली, फिझा तिथेच जन्मली.

"बाजी, बिल्डिंग तोड रहा है. लोग सब खलास, खाली. आपका कमरे में लकडी निकाला, पीछे वो कागज अभी भी है."

बानू दाभण तसंच टोचून उठली. तो कागद खैरुद्दीननं स्वतः लावला होता, ती मुलखातून यायच्या आधी. मीना बाजारात एका बंद पडलेल्या दुकानाचा सत्तरच्या दशकातला माल त्याला मिळाला होता. मातकट पिवळ्या जमिनीवर निळी डाळिंबं. खिडकीशेजारचा एक पट्टा घाईत उलटा लागला, डाळिंबं देठावर उभी राहिली, आणि त्यावरून बानूनं नवऱ्याला नऊ वर्षं पिडलं होतं. पुढे दुसरे भाडेकरू आले, त्यांनी चारही भिंतींना प्लायवूड ठोकलं. त्यामुळेच कागद वाचला.

समोरच्या फ्लॅटमधल्या समिधाला तिनं खैरुद्दीनपाशी बसवलं. मग बानू वाफ सोडणारा स्टीमर घेऊन जुन्या खोलीत गेली. दोन सकाळी लागल्या. वाफ द्यायची, पट्टीनं कड उचलायची, श्वास रोखून ओढायचं. चार भिंतींची चार भेंडोळी झाली. तिनं प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं. पलंग, खिडकी, कपाट, दार.

उघड्या पडलेल्या भिंती बघून हमदुल्ला म्हणाला, "बाजी, अभी कमरा, कमरा नहीं लगता."

खरंच नव्हतं वाटत. चार सिमेंटच्या भिंती होत्या, पण आत उभं राहिलं तरी बाहेरच उभं असल्यासारखं वाटत होतं. बानूनं भेंडोळी काखेत मारली आणि मागे न बघता खाली उतरली.

या पेट्या विकायच्या नाहीत, घरासाठी, असं तिनं जिन्यातच ठरवलं.

३

पहिली पेटी पलंगाच्या भिंतीची. झाकण बसवून तिनं ती टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला गेली, तर बाहेर हॉलमध्ये एसी घरघरायला लागला.

आता बानूच्या घरातला एसी असा घरघरत नाही. तो भिंतीवर वर लावलेला, नव्या पद्धतीचा, चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागतं. ही घरघर खिडकीत बसवलेल्या जुन्या डब्याची होती. मधेच ठक्क करून थांबायचं, मग खोकल्यासारखं करून पुन्हा सुरू. हा ठक्क बानूच्या ओळखीचा होता. नऊ वर्षं त्याच्या शेजारी झोपली होती ती.

शेजाऱ्यांकडे असेल, म्हणून तिनं भिंतीला कान लावला. तिकडे शांत. बाल्कनीत गेली. शांत. हॉलमध्ये परत आली की पुन्हा घर्र. मग तिनं पेटीचं झाकण काढून आत कान घातला. तुम्हीआम्हीही तेच केलं असतं. आत काहीच नव्हतं, नुसता खळीचा वास. आवाज पेटीत नव्हता, पेटीच्या बाहेर होता. टेबलापासून सोफ्यापर्यंतच्या जागेत होता.

"तुम्हाला ऐकू येतंय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

खैरुद्दीननं मान उचलली होती. आठ महिन्यांत ती मान कायम डाव्या खांद्यावर कललेली असायची. आता ती सरळ होती, आणि तो एसी जिथे असायला हवा त्या दिशेला बघत होता.

बानूनं पेटी उचलून कपाटात ठेवली आणि दार लावलं. घरघर थांबली. दार उघडलं, पेटी बाहेर आणली. घरघर सुरू. असं तिनं पाच वेळा केलं. सहाव्या वेळी ती खाली बसली आणि स्वतःलाच म्हणाली, बानू, तुझं वय चौपन्न आहे, रात्रीची झोप नाही, आठ महिने माणूस एकटं बोलत राहिलं की कानात काहीही वाजतं.

पण खैरुद्दीनच्या कानात कोण वाजवत होतं?

भिंतीवर असताना कागदाचं तोंड खोलीकडे असतं. पेटीवर चढवला तरी तोंड बाहेरच, म्हणजे पुन्हा खोलीकडे. बिचाऱ्या कागदाला काय कळणार की आपल्या पाठीशी आता भिंत नाही? असा एक भलता विचार तिच्या मनात आला. तरी संध्याकाळी तिनं दुसऱ्या पेटीचा पुठ्ठा भिजत घातला.

४

दुसरी पेटी खिडकीच्या भिंतीची, उलट्या पट्ट्यासकट. बानूनं उलटा पट्टा मुद्दाम समोर घेतला.

तिच्या आताच्या हॉलमध्ये कधी ऊन येत नाही. खिडकी डक्टकडे उघडते, समोर पाइप आणि कबुतरं. त्या दिवशी साडेबारा वाजता पेटी स्टुलावर ठेवली आणि हात पुसत मागे वळली, तर फरशीवर उन्हाचा चौकोन पडला होता. त्यात खिडकीच्या गजांच्या सहा सावल्या. जुन्या खोलीच्या खिडकीला सहाच गज होते.

बानू गुडघ्यावर बसली आणि तिनं त्या उन्हात हात धरला. ऊन लागलं. आधी कोमट, मग चांगलं चटका देणारं. तिनं वर बघितलं, वर छत होतं, ऊन कुठून येतंय ते दिसत नव्हतं. भीती वाटली का? वाटली तर. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं. तीस वर्षांपूर्वीचं ऊन तळहातावर घेऊन बसलेली बाई काय करणार? ती रडली.

तेवढ्यात फोन वाजला. फिझाचा. फिझा त्यांची एकुलती एक, जबल अलीत एका शिपिंग कंपनीत कामाला. जेवणाच्या सुट्टीत रोज फोन करते.

"मम्मा, जेवलात? अब्बांना गोळी दिलीस?"

"दिली, दिली."

"मम्मा, हू इज दॅट? कोण आहे घरात?"

"कोण असणार? अब्बा आणि मी."

"नो, आय हर्ड अ मॅन. कोणीतरी यंग आहे. तो 'गरम' म्हणाला."

बानूनं हळूच मान वळवली. खैरुद्दीन उन्हाच्या चौकोनात पाय घेऊन बसला होता. त्याचे ओठ मिटलेले होते, पण नुकतेच मिटलेले.

"टीव्ही आहे," बानू म्हणाली आणि फोन ठेवला.

५

तिसरी पेटी तिनं तीन दिवसांत उरकली. एरवी एका पेटीला आठवडा लागतो. भात करपला, पाण्याचा माणूस बेल वाजवून परत गेला, समिधा विचारून गेली, "बानूताई, बरं आहे ना?" बानूला कशाचं भान नव्हतं. कान त्या एका शब्दावर टांगलेले.

पहिल्या दोन पेट्यांच्या जोडीला कपाटाच्या भिंतीची पेटी मांडली आणि खैरुद्दीन बोलला.

एक शब्द नाही, पूर्ण वाक्य. "हा पट्टा उलटा लागला काय?"

बानूच्या हातातली खळीची वाटी खाली पडली. तो आवाज! बंदरावर ओरडून ओरडून घोगरा होण्याच्या आधीचा, स्वच्छ, भरदार आवाज. ज्या आवाजानं तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती तो. ती धावत त्याच्यासमोर जाऊन बसली, त्याचे गुडघे धरले. "बोला ना, अहो, बोला. मी इथेच आहे. काय सांगायचंय ते सांगा."

तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. उजवा हात, जो आठ महिने मांडीवर पडून होता, तो त्यानं उचलला आणि हवेत वरून खाली फिरवला. कागदावरची सुरकुती काढतात तसा. "जाऊ दे," तो हसून स्वतःशीच म्हणाला, "तिच्या लक्षात यायचं नाही." मग गुणगुणायला लागला.

दुपारभर बानू त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. कसलं गाणं होतं कोण जाणे, सूर धड नव्हता, त्याचा कधीच नसायचा. तिला वाटलं, एवढंच मिळालं तरी मी कुणाकडे काही मागणार नाही.

मग तो थांबला. तिन्ही बाजूंना त्यानं बघून घेतलं, आणि चौथ्या बाजूकडे, जिथे पेटी नव्हती, तिकडे बघताना त्याचा चेहरा आक्रसला. श्वास जोरात चालायला लागला. "दार कुठंय?" तो म्हणाला. "अरे, इथलं दार कुठे गेलं?" खुर्चीत धडपडायला लागला, तशी बानूनं झडप घालून तिन्ही पेट्या उचलल्या आणि कपाटात कोंबल्या. मान कलली. हात मांडीवर पडला. घर पुन्हा घर झालं.

शनिवारी फिझा आली. पेट्या कपाटातच होत्या. तिनं बापाला भरवलं, नखं कापली, जवळ बसून मोबाइलवर फोटो दाखवले. जाताना दारात म्हणाली, "मम्मा, अब्बा आता तुझा हात नाही पकडत?"

बानूनं तिच्या हातात जेवणाचा डबा दिला.

"मी पाहिलं ना. जेवण झालं, तू शेजारी बसलीस, ही जस्ट सॅट देअर. इट्स अ गुड साइन, राइट? ही इज काम नाऊ."

"हो," बानू म्हणाली. "शांत झालेत."

लिफ्ट खाली गेली तरी ती दारातच उभी होती. कधीपासून पकडत नाही? तिनं आठवून बघितलं. पहिली पेटी झाली त्या दिवशी पकडलं होतं, पण सैल. दुसरीनंतर एकदाच. तिसरीनंतर नाहीच. आवाजाच्या नादात तिच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

६

दोन दिवस तिनं चौथ्या भेंडोळ्याला हात लावला नाही.

जेवण झालं की ती त्याच्या शेजारी जाऊन बसायची आणि आपला हात त्याच्या डाव्या हातापाशी ठेवायची, अगदी बोटांना लागेल असा. धरा ना, म्हणायची. धरा, मी ऐकते. तो तिच्याकडे बघायचा. दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतात तसं. नजरेत राग नाही, ओळख नाही, नुसती सभ्यता.

हे सगळं मोडून टाकावं, असं तिला वाटलं. पेट्या भिजवून कागद सोडवावा आणि कचऱ्यात टाकावा. तिनं बादलीत पाणीसुद्धा काढलं. पण मग त्याचा तो आवाज आठवला. आणि तिच्या डोक्यानं, जे एरवी चांगलं चालतं, एक हिशेब मांडला. तीन भिंतींत तो अडकलाय. तिथे त्याला वाचा आहे, पण बाहेर यायला वाट नाही. दार नाही म्हणून तो घाबरला. दार लावून दिलं, तर तो त्यातून बाहेर येईल. आवाज घेऊन येईल. माझ्याकडे येईल.

यात चूक कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं. तुम्हाला दिसत असेल, पण तुम्ही आठ महिने त्या खुर्चीसमोर बसलेले नाहीत.

चौथी पेटी तिनं सगळ्यांत मन लावून केली. मेथी दोनदा चाळली. दाराच्या चौकटीभोवतीचा कागद तुकड्यातुकड्यांचा होता, खैरुद्दीननं कापून कापून बसवलेला. एका तुकड्यावर कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा होता, खळीचा, तीस वर्षं वाळलेला. बानूनं तो तुकडा झाकणावर, मधोमध घेतला. पुढच्या बुधवारी असरची, तिसऱ्या प्रहरची, अजान झाली तेव्हा पेटी खडखडीत वाळली होती.

७

तिनं खुर्ची हॉलच्या मधोमध आणली. पलंगाची पेटी टेबलावर, खिडकीची स्टुलावर, कपाटाची बुटांच्या रॅकवर. चौथी हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली. मग बिस्मिल्ला म्हणून ती खुर्चीच्या समोर, पुढच्या दाराच्या बाजूला ठेवली आणि तिच्या आतल्या बाजूला आली.

काही कोसळलं नाही की कडाडलं नाही. एसी घरघरत होता. ऊन फरशीवर होतं. फक्त सोफा कुठे गेला ते बघायला ती वळली आणि सोफ्याच्या जागी निळी डाळिंबं होती. खालपासून वरपर्यंत. चारही बाजूंना. कागद ताजा होता, अजून ओला, खळीचा वास येत होता. बानूच्या तोंडून नुसतं "या अल्ला" निघालं. तिला वाटलं आपण मशिदीत शिरलोय, मोठ्यानं बोलू नये.

पाठीमागे कोणीतरी घसा साफ केला.

"या ना, चाची," तो आवाज म्हणाला. "उभ्या का? बसा."

चेहऱ्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. तिनं फक्त हात बघितला. उजवा हात, मनगटावर काळेभोर केस, नखांत खळ. हात पलंगावर, शेजारच्या जागेवर थोपटत होता. नवी चादर, अजून घडीच्या खुणा असलेली. बानू बसली.

"पाणी घेता?"

तिनं मान हलवली. आता वाचा तिची गेली होती.

"जिना चढून आलात, दमला असाल. कुणाकडे आलात? तुम्ही आमच्या मुलखाकडच्या दिसता."

"दाभोळ," बानू कशीबशी म्हणाली.

"अरे! माझी बायकोपण दाभोळचीच." आवाज एकदम उजळला. "आज येतेय. विमान उतरलं असेल, दोस्त गाडी घेऊन गेलाय आणायला. मी म्हटलं, कागद पुरा करतो, तिला खोली तयार दिसली पाहिजे. येईलच इतक्यात."

"नाव काय तिचं?"

"बानू," तो म्हणाला. किती जपून म्हणाला. चौपन्न वर्षांत कुणी तिचं नाव इतकं जपून घेतलं नव्हतं, त्यानंही नाही, कारण पुढे संसार लागला आणि नाव हाका मारायला वापरलं गेलं. बानूचे डोळे भरून आले. हात जोडावेत की त्याचा हात धरावा, तिला कळेना. तिनं दोन्ही हात मांडीवर दाबून ठेवले.

मग तिनं विचारलं. आठ महिने जे विचारत होती तेच.

"तिला काही सांगायचंय का तुम्हाला?"

एसी ठक्क करून थांबला, पुन्हा सुरू झाला.

"सांगायचंय," तो हळू आवाजात म्हणाला. "खूप दिवस झाले. रोज वाटतं, आज सांगावं. जमतच नाही." मग तो लाजून हसला. "पण ते तुम्हाला कसं सांगू, चाची? ती आली की तिलाच सांगेन."

"मलाच सांगा," बानू म्हणाली. "मीच... अहो, मलाच सांगा."

हात किंचित मागे सरकला. रागानं नाही, एखाद्या म्हाताऱ्या बाईचं काहीतरी चुकतंय असं बघून संकोचल्यासारखा.

आणि तेव्हा बाहेर पावलं वाजली. जिन्यावरून, भरभर, वर. बांगड्यांचा आवाज. एक मुलगी दमलेल्या श्वासात हसत कुणाला तरी म्हणत होती, "बॅग राहू दे, मी नेते." बानूनं तो आवाज याआधी कधी बाहेरून ऐकला नव्हता. माणूस स्वतःचा आवाज ऐकतो तो आतून.

"आली!" तो उठून उभा राहिला. दोन्ही पायांवर.

दाराची कडी हलली. दार बोटभर उघडलं, आणि त्या फटीतून मेंदीची चार बोटं आत आली, कडेचा ओला कागद चाचपत.

बानू उठली. तिनं पलंगावरची जागा रिकामी केली, चादरीवरची सुरकुती हातानं सारखी केली. ती जागा त्या मुलीची होती. मग ती मागे मागे सरकत कपाटाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, ओल्या कागदाला घट्ट चिकटून, आणि तिनं श्वास रोखून धरला. तो आता सांगणार होता. निदान तिच्या कानावर तरी ते पडणार होतं.